हरलेल्यांच्या घरचा चहा

लग्नाच्या जेवणात शिट्टी मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मलकपेठेतला फंक्शन हॉल, बुफेची रांग, आणि डबल का मीठा या पावाच्या गोडाच्या भांड्याजवळून नवऱ्याकडचे एक गृहस्थ दोन भरलेल्या प्लेटा घेऊन रांगेतून आडवे निसटत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली. अख्खा हॉल गप्प झाला, सनईचं रेकॉर्डिंग तेवढं चालू राहिलं. खांबाआडून एक काटकुळे, सफारीतले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ पुढे आले. त्यांनी दोन्ही मुठी छातीपुढे एकमेकींभोवती गरगर फिरवल्या आणि शांतपणे सांगितलं, "ट्रॅव्हलिंग. एक प्लेट खाली ठेवा."

बॉल न आपटता हातात घेऊन चाललं की बास्केटबॉलमध्ये हा गुन्हा; त्या पाहुण्यांचा त्या खेळाशी कधी संबंध आला नसावा. तरी त्यांनी प्लेट खाली ठेवली. शिट्टीत दम असला की माणूस आधी ऐकतो, मग विचार करतो.

ते आमचे रेफ्रीसाब. त्यांना नाव होतं, ऑफिसच्या हजेरीपटावर ते लिहिलेलंही असे, पण हैदराबादेतल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर कुणी ते वापरलं नाही. आजोबा मराठवाड्यातली शेती भावाच्या हवाली करून इकडे आले, वडील इथेच नोकरीत मुरले, आणि हे एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागले. बाकीचे ड्राफ्ट्समन स्टुलावर बसून काम करत, हे उभ्याने. कारण विचारलं तर म्हणायचे, "एका जागेवरून सगळं दिसत नाही." हे त्यांनी नकाशाबद्दल सांगितलं, बसमधल्या सीटबद्दल सांगितलं, आणि एकदा माझ्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा पूजेच्या चौरंगाभोवती तीनदा जागा बदलून भटजींनाही सांगितलं.

या माणसाला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. उभे असले तरी टाचा उचललेल्या. चालायचे तेही अर्धं उलटं, कारण खेळाकडे पाठ करायची नाही ही तीस वर्षांची सवय. अफझलगंजच्या भर बाजारात, हातगाड्या, हमाल, शेअर ऑटो यांच्यामधून मी त्यांना पाठमोरं धावताना पाहिलंय. कशाला धक्का लागला नाही. वहिनी सांगायच्या, "सप्तपदीच्या वेळी हे उलटेच निघाले होते. भटजींनी दंडाला धरून सरळ केलं." घरात ते फार बोलतही नसत. वरणात मीठ कमी असलं की दोन बोटं वर. पाहुणे फार वेळ बसले की मनगटाकडे बोट. वहिनींना पंचांच्या सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या आणि त्या बेधडक दुर्लक्ष करायच्या. त्या घरात शिट्टी एकाची होती, निकाल दुसरीचा.

आता मी यात कुठे, तेही सांगून टाकतो. तरुणपणी मी खेळायचो, म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायचो. तिथे इतका रुळलो की पुढे वीस वर्षं मैदानाकडेच्या टेबलवर बसलो. मी टायमर. गळ्यात स्टॉपवॉच, खेळ थांबला की घड्याळ थांबवायचं, सुरू झाला की सुरू करायचं, वेळ संपली की संपल्याचं कळवायचं. शेजारी गुणलेखक मान खाली घालून कागद भरतो. भांडण झालं की प्रेक्षक पंचाला शिव्या घालतात, खेळाडू पंचावर धावून जातात. टेबलवरच्या माणसाकडे कुणी बघत नाही. तो टेबलचाच भाग असतो. एवढं ध्यानात ठेवा.

रेफ्रीसाबांचं एक दुखणं होतं. ते म्हणायचे, "चाळीस मिनिटांत मी साठ वेळा शिट्टी मारतो. लोकांना शेवटचीच ऐकू येते." आणि शेवटची शिट्टी मारायला हा माणूस कधी कचरला नाही. इतर पंच शेवटच्या अर्ध्या मिनिटात शिट्टी गिळून टाकतात. खेळाडूंनाच ठरवू दे, म्हणून आकाशातले ढग बघतात. रेफ्रीसाबांना पहिल्या मिनिटाचा धक्का आणि शेवटच्या सेकंदाचा धक्का सारखाच दिसायचा. मग दंगा व्हायचा. "रेफ्रीसाब, चष्मा घर में छोड को आए क्या?" बाटल्या यायच्या, चपला यायच्या. ते चपलांमधून उलटे धावत टेबलपाशी यायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "दिसलं तेवढं वाजवलं."

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटच्या क्षणी वादाचा निर्णय दिला की दुसऱ्या दिवशी सात वाजता ते हरलेल्या संघाच्या कॅप्टनच्या घरी हजर. खिशात पांढरा खडू. माफी मागायला नाही. माफी त्यांनी कधी मागितली नाही. काय दिसलं ते सांगायला.

एका बँकेच्या संघाचा कॅप्टन होता, सव्वासहा फुटी. दोन सेकंद उरलेले असताना त्याने बास्केट टाकलं आणि रेफ्रीसाबांनी ते रद्द केलं. समोरचा बचावपटू आधीच पाय रोवून उभा होता, तू त्याच्यावर जाऊन आदळलास, म्हणून. बँक हरली. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आज यांना हाडं मोजून घ्यावी लागणार, बघावं तरी. म्हणून मीही मागे गेलो. बनियनवर दार उघडून कॅप्टन म्हणाला, "अब घर में भी शिट्टी मारते क्या?" रेफ्रीसाब आत शिरले, हॉलच्या फरशीवर खडूने अर्धं मैदान काढलं, आणि स्वयंपाकघरातून आलेल्या कॅप्टनच्या बायकोला बचावपटूच्या जागी उभं केलं. तिच्या हातात पळी होती. तिच्या पावलांभोवती खडूची रेघ मारली. मग कॅप्टनला सांगितलं, "या. काल आलात तसे या."

तो आला. तीनदा आला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "अजी, मैं तो हिली भी नहीं. आपीच आ को गिरे."

कॅप्टन बराच वेळ खडूच्या पावलांकडे बघत राहिला. मग त्याने बायकोने आणलेल्या चहाचा कप उचलला. तो उचलेपर्यंत रेफ्रीसाबांनी आपल्या कपाला हात लावला नव्हता. बाहेर पडताना मी विचारलं, तर म्हणाले, "हरलेल्याने चहा घेतला की मॅच संपते. तोवर घड्याळ थांबलेलं असतं." काहींनी त्यांना पायरीवर ताटकळत ठेवलं, एकाने कुत्रा सोडला, पण तीस वर्षांत कप उचलला नाही असं कुणीच केलं नव्हतं.

आणि मग अनुषा आली.

अनुषा म्हणजे अफझलगंजच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. विशीतली, बुटकी, सुतळी-पोत्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत आईसोबत राहणारी. दरवर्षी उन्हाळ्यात नामपल्लीच्या एका शाळेच्या मैदानावर स्पर्धा असते, तिच्या अंतिम सामन्यात अफझलगंज आणि मलकपेठ. संध्याकाळी पाचची वेळ, मैदान तापलेलं, आणि तिसऱ्या सत्रात करंट गेला. करंट गेल्यावर फळ्यावरचे आकडे गेले आणि वेळ संपल्याचा भोंगाही गेला. अशा वेळी आमच्याकडे जुनी रीत आहे. शाळेची पितळी घंटा आणतात, थाळीसारखी चपटी, ती टेबलच्या कडेला टांगतात आणि लाकडी हातोडी टायमरच्या हातात देतात. शेवटचे दहा सेकंद टायमर मोठ्याने मोजतो, म्हणजे खेळाडूंना कळतं. शून्याला घंटा. बॉल घंटेआधी हातातून सुटला असेल तर बास्केट धरायचं, नंतर सुटला तर नाही. नियम सोपा.

शेवटच्या सत्राचे शेवटचे सेकंद, अफझलगंज एका गुणाने पुढे. बॉल मलकपेठेच्या पोरीकडे. मी मोजतोय, "पाच… चार… तीन…" हजारभर लोक माझ्या तोंडाकडे बघतायत. तुम्हाला सांगतो, वीस वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा कुणी बघत होतं. "दोन… एक…"

घंटा वाजली. बॉल हवेत होता. कडीला लागला, फिरला, आत पडला. रेफ्रीसाबांनी हात खाली आणला. बास्केट मंजूर. मलकपेठ जिंकलं.

अनुषा जिथे होती तिथेच बसली. आरडाओरडा केला नाही, पंचाकडे धावली नाही. नुसती बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरायला लागला. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. त्यात टेबल दिसत नाही, फक्त माझा आवाज ऐकू येतो: "दोन… एक…" आणि मग एक पोकळी. त्या पोकळीत बॉल अजून पोरीच्या हातात. मग सुटतो. मग घंटा. खाली लोकांनी लिहिलं होतं, रेफ्री आंधळा आहे, रेफ्री बहिरा आहे, रेफ्री मलकपेठवालों का दामाद है. घंटेबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. सांगितलं ना, टेबलचा भाग.

बास्केटबॉल मंडळाने रेफ्रीसाबांना बोलावणं धाडलं. येत्या रविवारी दहा वाजता या आणि निर्णय चुकल्याचं लिहून द्या, नाहीतर पंचांच्या यादीतून नाव कमी करू. महिन्याभरात राज्य स्पर्धेचा अंतिम सामना होता, तो या वेळी त्यांना मिळणार होता. तीस वर्षं वाट पाहिलेला सामना. लिहून दिलं तरी तो जाणार, न दिलं तरी जाणार.

रेफ्रीसाबांना वेगळीच तगमग होती. सोमवारी सकाळी सातला ते खडू घेऊन अफझलगंजला गेले. अनुषाच्या आईने "कूर्चोंडी सार" म्हणून खुर्ची दिली, चहा आणला. अनुषाने खडूचं मैदान पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आप बोले सो सब समझा. चाय मेरेकू नक्को." मंगळवारी पुन्हा गेले. नक्को. गुरुवारी पुन्हा. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "भावजी, हे रात्रंदिवस घरात उलटे फिरतायत. पाठीने दोनदा फ्रिज उघडला. तुम्ही समजवा की."

मी म्हटलं, "समजावतो." आणि समजावलं नाही. कारण मलाही झोप नव्हती. ऑफिसात मी स्टेपलर उघडझाप करत बसायचो. घरी पाच मिनिटं एका खोलीत टिकत नव्हतो.

शनिवारी सकाळी सातला माझ्या दारावर टकटक झाली.

रेफ्रीसाब. वीस वर्षांची ओळख, पण सकाळी सातला ते माझ्या घरी कधी आले नव्हते. कशाला येतील? टेबल कधी हरत नाही. त्यांनी चपला काढल्या, खिशातून खडू काढला आणि माझ्या हॉलमध्ये गुडघे टेकून मैदान काढायला लागले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तिने कालच फरशी पुसली होती, पण त्या पाठीकडे बघून तिने चहाचं आधण ठेवलं.

"मीठदाणी द्या," ते म्हणाले. ती मलकपेठेची नेमबाज. वाटी म्हणजे अनुषा. लिंबू म्हणजे बॉल. स्वतःसाठी त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं. सगळं जिथल्या तिथे लावून झाल्यावर मला विचारलं, "तुम्ही?"

मी बोट दाखवलं. त्यांनी तिथे एक चौकोन काढला. टेबल.

"घंटा?"

"कडेला. उजवीकडे."

त्यांनी छोटा गोल काढला. "हातोडी?"

"हातात."

"शून्य झालं तेव्हा वर का खाली?"

बायकोने दोन कप आणून आमच्यामध्ये ठेवले. एक माझा, एक त्यांचा. त्यांनी आपल्या कपाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत बसलेही नाहीत, बसणं त्यांना माहीतच नव्हतं. मैदानाच्या कडेकडेने टाचांवर फिरत राहिले, मीठदाणीभोवती, वाटीभोवती, चौकोनाभोवती. मी कपाकडे बघत होतो. तेव्हा मला कळलं की आज हरलेल्याच्या घरी आलेत ते.

"वर," मी म्हटलं.

आता तुम्हाला सांगतो. मी मलकपेठेचा आणि संघ मलकपेठेचा, त्यामुळे तुम्ही म्हणाल ते मला ठाऊक आहे. पण देवाशपथ, कोण जिंकतं याचं मला काही नव्हतं. हजार लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, पोरीने बॉल डोक्यावर नेला होता, आणि मला वाटलं, हा बॉल हातातच राहिला आणि घंटा वाजली तर काय मजा? सांगायला काय उरलं? बॉल हवेत पाहिजे. हवेत असताना घंटा पाहिजे. मला शेवट रंगलेला हवा होता. जन्मभर मी गोष्टी रंगवून सांगत आलोय, त्या दिवशी हातोडी हातात होती म्हणून घडणारी गोष्टच रंगवली. घंटेबरोबर घड्याळ थांबवलं तेव्हा सत्राच्या दहा मिनिटांच्या पुढे पाऊण सेकंद झाला होता. मी तो आकडा पाहिला आणि बटण दाबून पुसून टाकला.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. इतकं सरळ मी आयुष्यात काही सांगितलं नसेल.

"हौ," ते म्हणाले. "मला पण वरच दिसली होती."

"तुम्ही पाहिलंत?"

"घंटेकडे बघणं कामच आहे माझं."

"मग बास्केट का दिलंत?"

"घंटा वाजली नव्हती." त्यांनी लिंबू उचलून मीठदाणीपुढे ठेवलं. "वेळ टेबलची. शिट्टी माझी. मी दुसऱ्याची घंटा कशी वाजवू?"

"आणि मंडळाला सांगितलं का नाहीत? सहा दिवस लोक तुम्हाला आंधळा म्हणतायत."

"ते पण तुमचंच आहे. मी कसं सांगू?"

बायको दारातून म्हणाली, "चहा थंड होतोय." तिने ते फक्त मला ऐकवलं होतं. मी कप उचलला. मग त्यांनी उचलला. इतका वाईट चहा आमच्या घरी कधी झाला नव्हता, आणि त्यात तिचा दोष नव्हता.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मूसी नदीचा पूल ओलांडला. पोत्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढताना माझी बोटं कठड्यावर दहापासून खाली मोजत होती. अनुषाने दार उघडलं, रेफ्रीसाबांना पाहिलं आणि कंटाळून म्हणाली, "सर, आज भी?"

"आज हे बोलणार," ते म्हणाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मी बोललो. मला येतं तेवढं दखनीत, कुठेही न सजवता. ती ऐकत होती. आई ऐकत होती. संपल्यावर अनुषाने विचारलं, "कितना?"

"पाऊण सेकंद."

"आपकू मजा चाहिए था?"

"हो."

तिने मान हलवली. रागाने नाही, एखादं गणित जुळल्यावर हलवतात तशी. मग आत गेली आणि स्वतःच चहा करून घेऊन आली. दोन कप. एक रेफ्रीसाबांपुढे ठेवला, एक स्वतः घेतला. उभ्याउभ्याच प्याली, शेवटच्या घोटापर्यंत. रेफ्रीसाबांनी आपला कप संपवला, बशीत ठेवला, आणि मी पाहिलं, त्यांच्या टाचा जमिनीला टेकल्या. पहिल्यांदाच. मग ते खुर्चीवर बसले.

माझ्यापुढे काही आलं नाही.

रविवारी दहा वाजता मी मंडळासमोर जाऊन घंटेचं खरं सांगितलं. पाच मिनिटांचं काम. निकाल तसाच राहिला, गुणपत्रिकेवर सह्या झाल्या होत्या. मला टेबलवरून उठवलं, ते योग्यच केलं. रेफ्रीसाबांना राज्य स्पर्धेचा अंतिम सामना मिळाला. इनडोअर स्टेडियम, आपोआप वाजणारा भोंगा, वीस गुणांनी एकतर्फी. शेवटच्या मिनिटात काहीच घडलं नाही. त्यांनी मला नंतर सांगितलं, "एवढी बेकार मॅच मी आयुष्यात घेतली नाही." आणि खूश होते.

दसऱ्यानंतर ते निवृत्त होऊन वहिनींबरोबर मुलीकडे नांदेडला गेले. जाताना मला अर्धा खडू दिला. शनिवारच्या मैदानातला उरलेला.

मी महिन्यातून एकदा अफझलगंजला जातो. रविवारी सकाळी सातला. पहिल्या वेळी अनुषाने दार उघडलं आणि तसंच लावलं. दुसऱ्या वेळी तिची आई "कूर्चोंडी" म्हणाली आणि मी अर्धा तास खुर्चीवर बसून आलो. मागच्या रविवारी स्टीलच्या पेल्यातून पाणी आलं. अनुषानेच आणलं, आणि विचारलं, "अंकल, आप थकते नहीं क्या?"

घरी पोचतो न पोचतो तोच नांदेडहून फोन. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथल्या गच्चीवर उलटे फिरतात.

"कुठवर आलं?"

"पाण्यापर्यंत," मी म्हटलं.

पलीकडे गच्चीवरची पावलं ऐकू आली.

"हौ," ते म्हणाले. "घड्याळ थांबलेलंय. घाई नक्को."